खड्गधाऱ्याच्या तीन गर्जना

एकदा एक तरुण तीन वर्षांनी परत आला. गावी नव्हे, घरीही नव्हे. तो एका खेळात परत आला.

हा खेळ संगणकावरचा. निरनिराळ्या गावांतली हजारो माणसे आपापल्या घरी बसून तो एकाच वेळी खेळतात. त्यात डोंगर आहेत, नद्या आहेत, गढ्या आहेत, श्वापदे आहेत. आरंभी प्रत्येकाला एक भूमिका घ्यावी लागते. मुले तिला क्लास म्हणतात. कोणी ढालकरी होतो आणि सर्वांच्या पुढे उभा राहून घाव झेलतो. कोणी धनुर्धर होतो, कोणी मांत्रिक, कोणी खड्गधारी. एखादाच वैद्य होतो. वैद्य कोणावर शस्त्र उचलत नाही. तो मागे उभा राहतो. पडद्याच्या कडेला सोबत्यांची नावे असतात आणि नावांपुढे हिरव्या पट्ट्या असतात. ज्याची पट्टी लाल होऊ लागेल त्याला औषधाची मात्रा देऊन सावरायचे, एवढेच त्याचे काम. पट्टी संपली की माणूस पडतो. पडलेला कायमचा जात नाही. दूरच्या एका शिळेपाशी उठून तो चालत परत येतो. मात्र महिनाभर खपून मिळवलेले बळ तो गमावून बसतो.

हा तरुण पूर्वी वैद्य होता. त्याचे गुरू एक वृद्ध ढालकरी होते. ते खऱ्या आयुष्यातही वृद्धच होते. गुडघ्यांनी दगा दिल्यावर त्यांचे बाहेर जाणे थांबले, तेव्हा नातवाने त्यांना हा खेळ लावून दिला. पुढे नातू कंटाळून गेला, आजोबा राहिले. सगळे त्यांना अप्पा म्हणत. अप्पांभोवती अकरा जणांची एक मंडळी जमली होती. ती एकमेकांना कधी प्रत्यक्ष भेटली नव्हती, पण रोज संध्याकाळी कानाला हेडफोन लावून एकत्र चालत होती, लढत होती आणि मधल्या वेळात घरची भाजी कोणती इथपासून मुलीच्या दहावीपर्यंत सगळे बोलत होती.

दोन वर्षे झटून या मंडळीने टेकडीवरची एक गढी मिळवली होती. एके संध्याकाळी तिच्यावर हल्ला झाला. अप्पा दारात ढाल रोवून उभे होते. डाव्या बुरुजावर टिटवी नावाची धनुर्धर होती. एकाच क्षणी दोघांच्या पट्ट्या लाल झाल्या. “अप्पांना बघ! अरे, अप्पांना बघ!” असा कानात कल्लोळ उठला. टिटवी मात्र काही बोलली नाही. ती ओरडली नाही, पळाली नाही, जागची हललीसुद्धा नाही. वैद्यापाशी एकाच मात्रेचा वेळ होता. त्याने ती अप्पांना दिली. टिटवी बुरुजावर उभी होती तशीच कोसळली. तिच्यामागून बुरुज गेला, बुरुजामागून गढी गेली, आणि अप्पांसकट सारे पडले.

मग ढग्या नावाचा मांत्रिक म्हणाला, “वैद्यबुवा, डुलकी लागली होती काय?”

कोणीतरी हसले. तरुणाने हेडफोन काढून ठेवले आणि संगणक बंद केला. त्यानंतर तो तीन वर्षे त्या जगात गेला नाही.

एका खेळातल्या हारीसाठी एवढे काय, असे कोणाला वाटेल. परंतु लाज वाटते तेव्हा ती रणांगण मातीचे होते की उजेडाचे, हे विचारत नाही. त्या दिवसापासून हा तरुण जिथे दुसऱ्याचा जीव आपल्या हाती येईल अशा कामापासून दूर राहू लागला. एकदा आळीतली विहीर उपसताना, आत उतरणाऱ्याचा दोर धर म्हणून त्याला सांगितले, तर त्याने तो मुकाट्याने शेजाऱ्याच्या हाती दिला आणि आपण गाळाची पाटी उचलली. झोपताना डोळे मिटले की त्याला ती धनुर्धर दिसे. ती न हलता उभी असे. आपल्यावर एवढा विश्वास टाकून ती उभी होती, ओरडण्याचीही तिला गरज वाटली नाही, आणि आपण तिला पाहिले नाही, असे त्याच्या मनाने पक्के धरले होते.

तरीही तो परत आला. कारण त्या माणसांखेरीज संध्याकाळी बोलायला त्याला दुसरे कोणी नव्हते.

या खेळाचा एक नियम आहे. फार दिवसांनी परतणाऱ्याला आपले नाव, चेहरा आणि भूमिका बदलण्याची मुभा एकदाच मिळते. सात दिवस ती भूमिका कच्ची असते. आठव्या दिवशी नगराच्या चौकातल्या दगडी स्तंभावर हात ठेवून ती कायम करावी लागते. त्यानंतर बदल नाही.

तरुणाने आत पाऊल टाकले तेव्हा त्याच्या नावे तेवीस पत्रे पडून होती. सगळी मंडळीकडूनच आलेली. त्यात काय लिहिले असेल हे आपल्याला ठाऊक आहे असे त्याला वाटले. त्याने ती न उघडता पुसून टाकली. मग जुने नाव टाकून दुसरे घेतले, चेहऱ्यावर लोखंडी मुखवटा चढवला आणि भूमिका निवडली खड्गधाऱ्याची. त्याने त्यावर पुष्कळ विचार केला होता. खड्गधाऱ्यावर कोणी विसंबत नाही. तो जिंकला तर एकटा जिंकतो, पडला तर एकटा पडतो.

असा तो परक्या माणसासारखा मंडळीच्या तळावर येऊन उभा राहिला. आवाजावरून ओळख पटेल म्हणून तो बोलला नाही, त्याने लिहून विचारले, “मला सोबत घ्याल का?”

मंडळी आता सहा जणांची उरली होती. त्यांच्यात वैद्य नव्हता. प्रत्येकाच्या कमरेला मलमपट्टीचा एकेक बटवा लटकत होता.

“मुखवटा भारी आहे हं,” ढग्या म्हणाला. “बोलत का नाहीस भावा? माइक बिघडलाय की बायको शेजारी बसलीय?”

“असू दे रे,” टिटवी म्हणाली. “तू एकटाच पाच जणांचं बोलतोस. एक गप्प माणूस आला तर बरंच आहे की.”

अप्पांनी काही विचारले नाही. नाव नाही, गाव नाही, पूर्वी कुठे खेळलास हेही नाही. ते एवढेच म्हणाले, “ये. पुढे चालत जा. खड्गधाऱ्याची जागा पुढे असते.”

सहा दिवस तो त्यांच्यासोबत फिरला. तलवार त्याला चांगली साधली होती. रानडुकरे, दरोडेखोर, गुहेतले विंचू यांना तो झपाझप कापून काढी. ढग्या कौतुक करी. पण एक गोष्ट विचित्र होती. अप्पा त्याला पुढे काढत आणि घटकाभरात तो आपसूक मागे आलेला असे. अप्पा पुन्हा पुढे काढत, तो पुन्हा मागे येई.

“अरे ए मुखवट्या,” ढग्या एकदा वैतागून म्हणाला, “तू तलवारवाला ना? मग मी तुझ्या पुढे कसा? मला इंगळी चावली म्हणजे?”

खड्गधाऱ्याने लिहिले, “चुकलो.” आणि पुढे गेला. पुढच्याच दारातून तो सर्वांत शेवटी बाहेर पडला.

आपण कायम कोणती भूमिका घ्यायची, हे त्याच्या मनात ठरलेले होते. तलवार बरी. ती हातात असताना कोणी आपल्याकडे आशेने पाहत नाही. दोन दिवसांत स्तंभावर हात ठेवला की झाले.

सहाव्या दिवशी संध्याकाळी मंडळी एका घळीतून चालली होती. तिथे तरसांचा एक कळप होता. तरसे तशी किरकोळ. असल्या कळपाला अप्पांनी शेकडो वेळा एकट्याने रोखले होते. कळप समोर आला. अप्पांनी हात वर केला आणि म्हणाले, “मी सांगेपर्यंत कोणी जागचं हलायचं नाही.”

मग त्यांनी जे केले ते कोणालाच कळले नाही. त्यांनी ढाल बाजूच्या खडकाला टेकवून ठेवली. शिरस्त्राण उतरवले. चार पावले पुढे जाऊन, कळपाच्या अगदी मध्ये, ते मांडी घालून बसले.

“अप्पा?” टिटवी म्हणाली. “अप्पा, अहो, हे काय?”

तरसे त्यांच्यावर तुटून पडली. हिरवी पट्टी अर्ध्यावर आली, मग लाल झाली.

बाकीचे सांगितल्याप्रमाणे थांबले होते. खड्गधारी मात्र धावला. तरसांवर धावला असता तर दोन घावांत कळप मोडला असता; तेवढे बळ त्याच्या तलवारीत होते. पण त्याने तरसांकडे पाहिलेच नाही. तो धावत अप्पांच्या मागे तीन पावलांवर जाऊन उभा राहिला, आणि त्याचे बोट चार आकड्याच्या बटणावर पडले.

तीन वर्षांपूर्वी त्या बटणात औषधाची मोठी मात्रा असे. खड्गधाऱ्याच्या भूमिकेत त्याच बटणात रणगर्जना असते.

मुखवट्यातून एक भयंकर गर्जना निघाली. घळ दुमदुमली. अप्पांची पट्टी खाली जात होती. त्याने पुन्हा बटण दाबले. पुन्हा गर्जना. तिसऱ्यांदा दाबले. तिसरी गर्जना विरायच्या आत अप्पा आडवे झाले होते.

“अरे, हा ओरडतोय काय नुसता!” ढग्याला हसू फुटले. “मार की त्यांना! हात दुखतात का?”

पण त्याचे हसू मध्येच थांबले. सोबती कोसळत असताना मागे तीन पावलांवर येऊन उभा राहतो तो कोण, आणि गर्जनेच्या बटणात कोणाची मात्रा असते, हे त्या मंडळीत प्रत्येकाला ठाऊक होते. टिटवीने बाण सोडून कळप पांगवला. पुढे कसलेही संकट उरले नव्हते, तरी खड्गधारी रिकाम्या जागेकडे तोंड करून उभा होता.

दूरच्या शिळेपाशी उठून अप्पा चालत आले. त्यांचे महिनाभराचे बळ गेले होते. ते घळीच्या तोंडाशी असलेल्या ओढ्याच्या काठी बसले आणि म्हणाले, “ये बाळ. इथे बस. आता माइक लाव.”

बराच वेळ गेला. मग तीन वर्षांनी त्या मंडळीने तो आवाज ऐकला.

“अप्पा, तुम्ही मला कधी ओळखलंत?”

“पहिल्याच दिवशी. गुहेच्या दारातून शेवटचा माणूस बाहेर येईतो तू थांबलास. तलवारवाले थांबत नाहीत. त्यांच्या मागे कोण राहिलं हे त्यांच्या गावीही नसतं.”

“मग आज हे कशासाठी केलंत? एवढं बळ घालवलंत.”

“तू कोण आहेस हे मला कळलं होतं. तुला कळायचं राहिलं होतं. सांगून पटलं नसतं. मुखवटा बदललास, नाव बदललंस, हातातली वस्तू बदललीस. पण पाय जिकडे धावायचे तिकडेच धावले. तू आलास बाळ. मात्र रिकाम्या हाताने आलास.”

तरुण एकदम म्हणाला, “मला समजलं, अप्पा. मी पुन्हा वैद्य होतो. उद्याच होतो. टिटवीताईला मी मरू दिलं. त्याचं प्रायश्चित्त म्हणून आता जन्मभर वैद्यच राहतो.”

आपले म्हणणे ऐकून अप्पांना समाधान वाटेल असे त्याला वाटले होते. पण अप्पा कठोरपणे म्हणाले, “नको. प्रायश्चित्त म्हणून होणार असशील तर तलवारच ठेव. असा वैद्य आम्हाला नको.”

“का?”

“तो जखमी माणसाकडे बघत नाही. तो आपल्या पापाकडे बघत बसतो. आम्ही त्याच्या डोळ्यापुढे पडून जाऊ आणि त्याला पुन्हा स्वतःचंच दुःख होईल.” थोडे थांबून त्यांनी विचारले, “त्या दिवशी काय झालं, हे तू टिटवीला कधी विचारलंस?”

“विचारायचं काय त्यात? मी पाहिलं ना. ताई हललीसुद्धा नाही. माझ्यावर भरवसा ठेवून ती तशीच...”

“अरे देवा,” टिटवी म्हणाली. “तू तीन वर्षं हे धरून बसलास? अरे, लाइट गेली होती!”

“आमच्या आळीची विजेची डीपी जळली होती त्या दिवशी,” टिटवी सांगू लागली. खऱ्या आयुष्यात ती तालुक्याच्या गावी लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचे केंद्र चालवत असे आणि काम संपल्यावर त्याच संगणकावर खेळत असे. “भप्पकन आवाज झाला आणि सगळी आळी काळीठिक्कर. दोन दिवस लाइट नव्हती. मी आले तिसऱ्या दिवशी, तर गढी गेलेली आणि तूही गेलेला. तू मात्रा देत होतास तेव्हा मी तिथे नव्हतेच रे. माझं नुसतं बाहुलं उभं होतं.”

“मला वाटलं, तू वाट बघत उभी आहेस.”

“मी शेजारच्या काकूंकडे मेणबत्ती मागायला गेले होते.”

ढग्याच्या तोंडून हसण्यासारखा काहीतरी आवाज निघाला आणि लगेच बंद झाला.

“पण मग मला कोणी सांगितलं का नाही?” तरुणाने विचारले.

“सांगितलं की. तुझा नंबर कोणाकडेच नव्हता, म्हणून मी पत्र टाकलं. उत्तर नाही म्हणून दुसरं टाकलं. अप्पांनी टाकलं. त्या ढग्यानं तर किती टाकली, विचार त्याला.”

“चौदा,” ढग्या हळूच म्हणाला. तो असा हळू बोललेला कोणी ऐकला नव्हता. “डुलकीचं बोललो ना मी... मला तेव्हा दुसरं काही सुचलं नाही यार. गढी गेल्यावर मला रडू येत होतं, म्हणून विनोद केला. माझं तसंच होतं. चौदापैकी दहा पत्रांत तेच लिहिलंय. तू वाचली नाहीस का?”

तरुण म्हणाला, “मी ती सगळी न वाचता पुसली.”

यावर कोणी त्याला दोष दिला नाही, आणि कोणी समजूतही घातली नाही. ओढ्याचे पाणी वाहत होते. खेळातले पाणी ते. पण त्याचा आवाज खऱ्यासारखाच येत होता. तरुणाच्या डोळ्यांपुढून बुरुजावरची ती मूर्ती हळूहळू निघून जात होती. तिच्यात कोणीच नव्हते. ज्या नजरेला तो तीन वर्षे चुकवत आला होता, ती नजर त्याच्याकडे कधी वळलीच नव्हती.

“म्हणजे माझी चूक नव्हती,” तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला.

“थांब,” अप्पा म्हणाले. “इतक्या स्वस्तात सुटू नकोस. त्या दिवशी डीपी जळाली नसती आणि टिटवी खरोखर तिथे असती, तर? तर ती तुझ्या हातून गेली असती. मात्रा एक होती आणि माणसं दोन. तशी वेळ पुन्हा येईल. दर आठवड्याला येते. आज टिटवीनं तुला मोकळं केलं. उद्या जो पडेल त्याच्या घरची लाइट गेलेली नसेल.”

“मग मी काय करू?”

अप्पा सावकाश बोलू लागले. ते फार बोलणारे गृहस्थ नव्हते.

“बाळ, मी तुला शिकवलं ते अर्धंच शिकवलं. पट्टी कशी बघायची, मात्रा केव्हा द्यायची हे शिकवलं. पण ज्याच्या हातून कोणी पडत नाही असा वैद्य नसतो, हे सांगायचं राहिलं. ती माझी चूक. पडलेला माणूस दूरच्या शिळेपाशी उठतो, एकटाच. तिथून चालत येताना तो वाटेकडे बघतो. आपली मंडळी निघून गेली की थांबलीय, एवढंच त्याला बघायचं असतं. मात्रा चुकली तर चुकली. त्या वेळी वैद्य जागेवर दिसला पाहिजे. त्या संध्याकाळी आम्ही दहा जण एकेक करून शिळेपाशी उठलो आणि चालत आलो. टिटवी का आली नाही ते कोणालाच माहीत नव्हतं. तू असतास तर दोन दिवस आपण मिळून वाट पाहिली असती, आणि तिसऱ्या दिवशी मिळून हसलो असतो. गढी गेली त्याचं मला काही नाही. गढ्या जातात. पुढं पाच जण एकेक करून गळाले, ते गढी गेली म्हणून नव्हे. एक जण न सांगता निघून गेला, तसं आपणही जाऊ शकतो, हे त्यांना कळलं म्हणून गेले.”

हे शेवटचे वाक्य तरुणाला झोंबले. पण ते खरे होते, आणि ते बोलताना अप्पांच्या आवाजात राग नव्हता, हेही त्याने ऐकले.

“आता कोणती भूमिका घेऊ?” त्याने विचारले.

“ते मी सांगणार नाही. तलवार घेतलीस तरी ये. पुढे चालता येत नाही तुला, पण शिकशील.” एवढे बोलून अप्पा उठले आणि खडकाला टेकवलेली ढाल घ्यायला गेले.

सातवा दिवस तरुणाने विचारात घालवला. त्या दिवशी त्याने एकही श्वापद मारले नाही. सहा दिवसांत आपण तलवारीने कोणाकोणाला मारले, हे तो आठवू लागला, तर त्याला एकाही श्वापदाचा चेहरा नीट आठवेना. पण ढग्या घाई करतो आणि नेहमी दहा पावले पुढे निसटतो, टिटवी पाण्यातून जाताना उजवीकडे झुकते, अप्पा चढ लागला की दोनदा थांबतात पण दम लागल्याचे सांगत नाहीत, हे सगळे त्याने न ठरवता टिपून ठेवले होते. लाज, पाप, प्रायश्चित्त यांतले काही त्या टिपणात नव्हते. त्या माणसांकडे पाहणे त्याला आवडत होते, एवढेच होते.

आठव्या दिवशी तो नगराच्या चौकात गेला. त्याने मुखवटा काढला, स्तंभावर हात ठेवला आणि वैद्याची भूमिका कायम केली. त्याच्यासोबत कोणी आले नव्हते. त्याने कोणाला बोलावलेही नव्हते.

त्याच संध्याकाळी मंडळी दलदलीच्या रानात उतरली. दोन मगरी एकदम वर आल्या. एक अप्पांवर, एक टिटवीवर. तेवढ्यात ढग्या, त्याच्या सवयीप्रमाणे दहा पावले पुढे निसटलेला, तिसऱ्या मगरीच्या तोंडी सापडला. “अरे इकडे! इकडे बघा कोणीतरी!” तो ओरडत होता. वैद्याने पाहिले, मोजले आणि मात्रा टिटवीला दिली. कारण तिच्या बाणांनी अप्पा सावरणार होते आणि अप्पांच्या ढालीने सगळेच. त्याचा निर्णय बरोबर होता. तरीही ढग्या पडला.

मगरी हटल्या. “चला पुढे, अंधार होईल,” कोणीतरी म्हणाले. “ढग्या येईल मागून. त्याला वाट माहीत आहे.”

वैद्य म्हणाला, “मी थांबतो.”

ढग्या पडला होता तिथे, गुडघाभर चिखलात, तो उभा राहिला. अप्पांनी ढाल खाली टेकवली आणि तेही थांबले. मग टिटवी थांबली. मग बाकीचे. शिळेपासून दलदलीपर्यंत चालत यायला पाऊण तास लागतो. त्या पाऊण तासात करण्यासारखे काही नव्हते. कानातले हेडफोन काढून ठेवावेत असे वैद्याला एकदा वाटले. त्याने ते काढले नाहीत.

अखेर बोरूच्या बेटामागून ढग्याची निळी पगडी दिसली. बहुधा तो रागाने काही बोलायच्या तयारीत येत होता. पण सगळे चिखलात उभे असलेले पाहून तो थबकला.

“हे काय,” तो म्हणाला, “तुम्ही अजून इथेच?”

“हो,” वैद्य म्हणाला. “तू पडलास तेव्हा मी टिटवीताईला मात्रा दिली. तुला नाही देऊ शकलो.”

ढग्याने पगडी नीट बसवली.

“बरं,” तो म्हणाला. “चला मग.”

मंडळी पुढे निघाली. दलदल संपून रानाची वाट अरुंद झाली तिथे वैद्याने बाजूला होऊन सर्वांना पुढे जाऊ दिले, शेवटचा पाय उचलला गेल्याची खात्री केली आणि तो त्यांच्यामागून चालू लागला. ढग्या त्या दिवशी पुढे निसटला नाही. तो वैद्याच्या एकच पाऊल पुढे, रांगेच्या शेवटी चालत होता, आणि बोलत काहीच नव्हता.